फुकटच्या बॅजची किंमत

जुलै संपता संपता किंवा ऑगस्ट लागता लागता अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात चार दिवस ‘जेन कॉन’ भरतं. बोर्डगेम, पत्त्यांचे खेळ, बोटभर उंचीच्या सैनिकांच्या लढाया आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखे भूमिका घेऊन खेळायचे खेळ, या सगळ्याला मिळून टेबलटॉप गेमिंग म्हणतात. त्याचा हा अमेरिकेतला सर्वांत मोठा मेळावा. अलीकडे इथे सत्तर हजारांवर माणसं येतात. 2017 साली पन्नासावं जेन कॉन होतं, तेव्हा कन्व्हेन्शन सेंटर पुरेना म्हणून शेजारचं लुकास ऑइल स्टेडियमही घ्यावं लागलं आणि एरवी अमेरिकन फुटबॉल चालतो त्या मैदानात टेबलं मांडली गेली. हॉटेलच्या खोलीसाठी कित्येक महिने आधी ऑनलाइन नंबर लावायचा, आणि तो कितवा लागेल ते नशिबावर.

इतका पसारा म्हटल्यावर राबणारे हातही तितकेच लागतात. त्यांतल्या बऱ्याच हातांना पगार नसतो. त्यांना मिळतो प्रवेशाचा बॅज, एखादा टीशर्ट, कधी चौघांत मिळून हॉटेलची एक खोली, कधी नव्या खेळांचे डबे. हे इंडियानापोलिसपुरतं नाही. कोलंबसचं ‘ओरिजिन्स’ घ्या, बर्मिंगहॅमचं ‘यूके गेम्स एक्स्पो’ घ्या, किंवा एखाद्या गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये भरणारा पन्नास जणांचा मेळावा घ्या. स्वयंसेवक काढून घेतले तर दुसऱ्या दिवशी दार उघडणार नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या या मंडळींना नक्की काय म्हणायचं, पाहुणे, यजमान की कामगार, हा वाद बरीच वर्षं चालू आहे. एक बाजू म्हणते, हौसेला मोल नसतं. दुसरी म्हणते, ही सरळ पिळवणूक आहे. दोन्ही बाजूंची एक चूक सारखीच आहे. ‘स्वयंसेवक’ या एकाच बॅजखाली तीन निरनिराळी माणसं उभी असतात, आणि तिघांनाही एकच न्याय लावायचा दोघांचाही आग्रह.

ही रीत पडली कशी ते आधी पाहू. 1967 साली गॅरी गायगॅक्स या युद्धखेळांच्या शौकिनाने विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी आपल्या घरी मित्र जमवले. पुढच्या वर्षी त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल 50 डॉलर भाड्याने घेतला आणि शंभरेक माणसं आली. ते पहिलं जेन कॉन. तिथे कोण पाहुणा आणि कोण यजमान हे सांगता आलं नसतं. ज्याने टेबल मांडलं तोच खेळ शिकवणार आणि तोच खुर्च्या आवरणार. 1969 च्या मेळाव्यात गायगॅक्सची गाठ डेव्ह आर्नेसनशी पडली आणि 1974 मध्ये दोघांच्या नावाने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आलं. मग हौसेची कंपनी झाली. मेळावा गायगॅक्सच्या टीएसआरकडे गेला. 1985 मध्ये तो मिलवॉकीला हलला, 1997 मध्ये टीएसआरसकट विझर्ड्स ऑफ द कोस्ट या खेळ-कंपनीच्या हाती आला, दोनच वर्षांनी विझर्ड्सच हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने विकत घेतली. 2002 मध्ये विझर्ड्सचे संस्थापक पीटर अ‍ॅडकिसन यांनी जेन कॉन वेगळं विकत घेतलं आणि 2003 पासून ते इंडियानापोलिसला भरू लागलं. मालक बदलले, गावं बदलली, तिकिटांचे दर चढले. खुर्च्या आवरायची रीत मात्र हॉर्टिकल्चरल हॉलमधलीच राहिली. मित्राच्या घरी आपण भांडी विसळतो. ते घर उद्या हॉटेल झालं तरी विसळत राहायचं का, एवढाच खरं तर प्रश्न आहे.

पहिला प्रकार घरच्या कामाचा. नोंदणीची खिडकी, रांगा, ‘हॉल क कुठे आहे’ या प्रश्नाला दिवसातून शेकडो वेळा दिलेलं उत्तर, हरवलेल्या वस्तूंचा कोपरा. यातलं सगळ्यात कमी लेखलं जाणारं काम म्हणजे खेळांची लायब्ररी. मोठ्या मेळाव्यांत शेकडो खेळांचे डबे मांडलेले असतात. ओळखपत्र ठेवा, डबा घ्या, खेळा, परत करा. ऐकायला सोपं वाटतं. पण एका डब्यात लाकडी ठोकळे, चार रंगांच्या सोंगट्या, तीन प्रकारचे पत्ते, दोन फासे आणि नखाएवढी पुठ्ठ्याची नाणी असतात, आणि त्यांतली एक पिशवी शेजारच्या डब्यात गेली की एका वेळी दोन खेळ निकामी होतात. म्हणून काउंटरवरचा माणूस परत आलेला डबा हातात घेऊन आधी हलवून पाहतो, मग उघडतो, पिशव्या मोजतो, पत्त्यांची थप्पी अंगठ्याने चाळतो. समोर रांग असते. डबा देऊन जाणारा म्हणतो, सगळं आहे हो. सगळं नसतं. फासा टेबलाखाली असतो आणि तो शोधायला कुणाला तरी गुडघ्यावर बसावं लागतं. चार तासांच्या शिफ्टमध्ये हे सतत. यात खेळ म्हणून काही नाही. हे गोदामाचं काम आहे आणि जगात सगळीकडे त्याला पगार असतो.

अमेरिकन कायदा इथे बराच स्पष्ट आहे. 1938 च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्टप्रमाणे नफ्यासाठी चालणाऱ्या खाजगी कंपनीला स्वयंसेवक ठेवता येत नाहीत. काम करून घेतलं तर किमान वेतन द्यायचं. आणि ‘आम्ही राजीखुशीने करतो’ हा बचावही चालत नाही. 1985 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टोनी अँड सुझन अलामो फाउंडेशनच्या खटल्यात हे ठरवून टाकलं. ही धार्मिक संस्था पेट्रोलपंपापासून कपड्यांच्या दुकानांपर्यंत अनेक धंदे चालवायची आणि तिथे राबणाऱ्या अनुयायांना अन्न, वस्त्र, निवारा द्यायची. अनुयायांनी स्वतः साक्ष दिली की आम्हाला पगार नको. न्यायालयाने म्हटलं, तुम्हाला मिळतो तो निवारा म्हणजे दुसऱ्या रूपातलं वेतनच आहे, आणि कायदा तुमच्या इच्छेवर सोडला तर मालक प्रत्येकाकडून अशी इच्छा लिहून घेतील. बॅज आणि चौघांत एक खोली हा हिशेब या निकालाच्या उजेडात बघण्यासारखा आहे. समजा, बॅज दीडशे डॉलरचा आहे आणि त्यासाठी वीस तास काम करायचं आहे. इंडियानातलं किमान वेतन, देशातलं तेच, 2009 पासून तासाला 7.25 डॉलरवर अडलं आहे. वीस तासांचे होतात 145. म्हणजे फुकटचा बॅज फुकट नसतोच. रोख रकमेऐवजी वस्तू देऊन केलेली ती किमान वेतनाची मजुरी असते, आणि तीही इंडियानात. वॉशिंग्टन राज्यासारखं किमान वेतन जास्त असलेल्या ठिकाणी तोच हिशेब तोट्यात जातो. त्या राज्यातल्या सिअ‍ॅटलमध्ये 2016 साली एमराल्ड सिटी कॉमिककॉन या कॉमिक्सच्या मेळाव्याविरुद्ध स्वयंसेवकांच्या वतीने वेतनाचा दावा झाला आणि पुढे तो पैसे देऊन मिटवावा लागला. ते कॉमिक्सचं जग; पण धडा टेबलटॉपवाल्यांनाही कळला आणि काही आयोजकांनी तेव्हापासून आपले करार पुन्हा वाचायला घेतले असतील तर नवल नाही.

आयोजकांचीही बाजू आहे आणि ती खोटी नाही. मेळावा म्हणजे टांकसाळ नव्हे. खुद्द जेन कॉनने 2008 मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं होतं आणि त्यातून बाहेर यायला पुढचं वर्ष उजाडलं. 2020 मध्ये कोविडमुळे हॉलच उघडला नाही. वर्षाची कमाई चार दिवसांत करायची आणि तो आठवडा बुडाला तर वर्ष बुडालं, असा हा धंदा आहे. पण हे दुःख कुठल्याही मोसमी धंद्याचं असतं. आंब्याचा मोसम बुडाला म्हणून बागेतल्या गड्याने फुकट राबावं असं कुणी म्हणत नाही.

ना-नफा संस्थांचं वेगळं. सेवाभावी, धार्मिक, लोकहिताच्या कामासाठी स्वयंसेवक चालतात. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात जेवणाची रांग सांभाळणारे काका आणि रंगमंचामागे धावणाऱ्या मुली याच सवलतीत बसतात आणि त्यावर कुणाचा आक्षेपही नसतो. ओरिजिन्स हा मेळावा ‘गामा’ ही संस्था चालवते आणि ती नफा वाटत नाही; पण ती खेळ बनवणाऱ्या-विकणाऱ्यांची व्यापारी संघटना आहे. व्यापाऱ्यांच्या संघटनेसाठी फुकट राबणं आणि अन्नछत्रात वाढणं एकाच मापाने मोजता येईल असं मला वाटत नाही.

आता एक मुद्दा जो या वादात सहसा कुणी काढत नाही, पण मराठी घरांतल्या मुलांना नेमका तोच लागू पडतो. पर्ड्यू विद्यापीठ इंडियानापोलिसपासून गाडीने तासाभरावर आहे आणि तिथे भारतीय विद्यार्थी भरपूर. एफ-1 व्हिसावरचा विद्यार्थी किंवा एच-1बी वरचा नोकरदार हौसेने एखाद्या कंपनीच्या मेळाव्यात ‘स्वयंसेवक’ झाला, आणि ते काम एरवी पगाराचं असेल, बदल्यात बॅज किंवा खोली मिळत असेल, तर ते परवानगीविना केलेलं काम ठरू शकतं. स्थानिक अमेरिकन मुलाला फार तर पगार बुडाल्याची तक्रार करता येते. आपल्या मुलाचा व्हिसाच पणाला लागतो. अर्ज भरण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन विचारावं. बॅज विकत घेऊन नुसतं खेळायला जाणं केव्हाही स्वस्त.

दुसरा प्रकार प्रकाशकांच्या स्टॉलवरचा. इथे जर्मनीचं उदाहरण उपयोगी पडतं, कारण तिथली रचनाच वेगळी आहे. एसेनचा ‘श्पील’ हा मेळावा 1983 मध्ये तिथल्या प्रौढशिक्षण केंद्रात छोट्या प्रमाणावर सुरू झाला. 2024 मध्ये तिथे चार दिवसांत दोन लाखांवर भेटी नोंदल्या गेल्या. इंडियानापोलिसला प्रत्येक नियोजित खेळाचं वेळापत्रक आणि वेगळं तिकीट असतं. बॅज काढून वर बहुतेक डावांचे दोन-चार डॉलर. एसेनला तसं काही नाही. ती व्यापारी जत्रा आहे. प्रकाशकाच्या स्टॉलवर टेबलं असतात, एखादं रिकामं झालं की झडप घालून बसायचं, आणि एक माणूस येऊन खेळ समजावून देतो. या समजावणाऱ्याला तिकडे गमतीने ‘एर्क्लेरबेअर’ म्हणतात, म्हणजे समजावणारं अस्वल. मोठे प्रकाशक अशा लोकांना रोजंदारीवर घेतात. 2015 पासून जर्मनीत देशभर किमान वेतनाचा कायदा आहे, त्यामुळे दर काय असावा यावर वाद फारसा उरत नाही. छोट्या प्रकाशकाच्या स्टॉलवर मात्र त्याची बायको, मेहुणा आणि शाळेतला मित्र उभे असतात. ते फुकट राबतात आणि त्यात काही गैर नाही. धंदा त्यांच्या घरचाच आहे.

हे काम किती कसबाचं आहे ते ‘कटान’ या खेळावरून सांगतो, कारण बोर्डगेम खेळणाऱ्या बहुतेकांना तो माहीत असतो. 1995 चा खेळ. षटकोनी तुकड्यांचं बेट, त्यावर वस्त्या आणि रस्ते. नवखा माणूस समजावायला बसला की डबा उघडून पहिल्यांदा पाच प्रकारचा माल सांगतो, मग पत्ते, मग बंदरं, आणि तोवर समोरचे चौघे मोबाइल काढतात. मुरलेला माणूस एक वाक्य आधी टाकतो, ‘आधी दहा गुण करणारा जिंकला.’ मग फासे हातात देतो आणि टाकायला सांगतो. बेरीज 8 आली. ज्याची वस्ती 8 आकड्याच्या तुकड्याला लागून आहे त्याला माल मिळाला, मग पाळी कुणाचीही असो. इथपर्यंत पोचायला दीड मिनिट. 7 आला की लुटारूची सोंगटी कुठे हलवायची हे 7 येईपर्यंत सांगायचंच नाही. दोन फाशांच्या 36 जोड्यांपैकी 6 जोड्यांची बेरीज 7 असते, म्हणजे तो येणार हे नक्की. बंदरं तर कुणी विचारलं तरच. शिवाय मागे उभे राहून बघणाऱ्यांकडेही लक्ष हवं, कारण डबा विकत घेणारा बहुधा बसलेल्या चौघांत नसतो, त्यांच्या खांद्यावरून डोकावत असतो. हे दिवसातून वीस-वीस वेळा, हॉलच्या गोंगाटात, आवाज चढवून. तिसऱ्या दिवशी घसा बसतो आणि खिशात खोकल्याच्या गोळ्या असतात.

हे विक्रीचं काम आहे. त्या टेबलावरून डबे खपतात आणि पैसे प्रकाशकाच्या गल्ल्यात पडतात. तरीही अमेरिकन मेळाव्यांत अनेक कंपन्या याची भरपाई खेळांच्या डब्यांनी करतात. घेणारे खूश असतात, कारण त्यांना ते डबे हवेच असतात. पण घरभाडं डब्यांनी भरता येत नाही. म्हणून हे काम कोण करतं ते पाहा. ज्याला चार दिवस रजा मिळते, प्रवासखर्च परवडतो, तोच. कंपन्यांना नवे चेहरे, नवे समाजगट आपल्या खेळाकडे यायला हवे असतात, आणि दारावर उभं राहायची अट मात्र खिशात पैसे असण्याची. या प्रकारात पगार द्यावा की नाही हा वाद मला निरर्थक वाटतो. द्यावा.

तिसरा माणूस मात्र खरंच वेगळा आहे. तो गेम मास्टर, भूमिका-खेळाचा सूत्रधार. जेन कॉनमधल्या हजारो नियोजित खेळांतले बरेचसे अशा हौशी सूत्रधारांनी चालवलेले असतात. ठरावीक तास भरले की बॅजचे पैसे परत. चार तासांचा डाव, सहा खुर्च्या, सहा अनोळखी माणसं. तो घरून पात्रं तयार करून आणतो, नकाशे छापून आणतो. एक खेळाडू वीस मिनिटं उशिरा येतो. एक जण इतरांना बोलूच देत नाही. एक पंधरा वर्षांची मुलगी बापाबरोबर आलेली असते आणि तासभर तोंड उघडत नाही. मग तिच्या चोराच्या पात्रासमोर एक बंद पेटी ठेवायची, सगळ्यांना थांबवायचं आणि तिलाच विचारायचं, आता तू काय करतेस? तिसरा तास संपताना शेवटची लढाई सुरू व्हायलाच हवी, कारण पुढच्या डावाची माणसं मागे येऊन उभी असतात. हा माणूस राबतो तसाच खेळतोही. त्याला त्यातून काय मिळतं ते पगाराच्या पाकिटात मावत नाही. नाटकवेड्या कारकुनाला तालमीचे पैसे विचारून पाहा.

पण तो खेळतोय म्हणून त्याच्यावरची जबाबदारी कमी होत नाही. बर्मिंगहॅमच्या यूके गेम्स एक्स्पोमध्ये 2019 साली एका गेम मास्टरने टेबलावरच्या कुणालाही आधी न विचारता लैंगिक अत्याचाराचा प्रसंग कथेत घातला. तक्रार येताच आयोजकांनी त्याचे पुढचे डाव रद्द केले, त्याला बंदी घातली आणि जाहीर माफी मागितली. योग्यच केलं. अशा वेळेसाठी जॉन स्टाव्रोपोलस या गेम मास्टरने 2013 च्या सुमारास ‘एक्स-कार्ड’ पुढे आणलं होतं. टेबलाच्या मधोमध फुलीचं एक पान ठेवायचं, कुणालाही प्रसंग नकोसा झाला की त्याने ते उचलायचं आणि कारण न विचारता कथा पुढे सरकवायची. आज अनेक मेळावे असं काहीतरी ठेवा म्हणून सांगतात. म्हणजे आयोजक सूत्रधाराला नियम घालून देतो, वेळ ठरवून देतो, चुकला तर काढून टाकतो आणि त्याच्या वतीने माफीही मागतो. मालकाने करायचं ते सगळं, एक पगार सोडून.

या तिसऱ्या प्रकाराचंच भावंड म्हणजे स्पर्धेतले पंच, आणि त्यांची कहाणी सगळ्यांना पुढचं दाखवणारी आहे. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाचे नियम इतके किचकट की मोठ्या स्पर्धेत पंचांशिवाय पान हलत नाही. हे पंच परीक्षा देऊन झालेले, आणि त्यांचा मोबदला बऱ्याचदा न फोडलेल्या पत्त्यांच्या पाकिटांत आणि खास छापलेल्या चमकत्या फॉइल कार्डांत. ती कार्डं बाजारात चांगल्या भावाने विकली जायची. काही पंचांचा प्रवासखर्च त्यातूनच निघे. 2016 मध्ये काही पंचांनी कॅलिफोर्नियात विझर्ड्स ऑफ द कोस्टवर दावा लावला की आम्ही स्वयंसेवक नव्हे, कर्मचारी आहोत. कंपनीने ते मान्य केलं नाही. पण 2019 मध्ये तिने पंचांचा सगळा कारभार ‘जज अकॅडमी’ नावाच्या वेगळ्या कंपनीकडे सोपवला. मग पंचांनी वर्गणी भरायची, परीक्षा द्यायच्या आणि फॉइल कार्डं घ्यायची, म्हणजे काम करायचं ते करायचंच, वर फीही आपणच द्यायची. 2023 मध्ये तीही कंपनी बंद झाली आणि पंचांनी आपापल्या देशांत स्वतःच्या संघटना बांधायला घेतल्या. हक्क मागितल्यावर हक्क मिळाले नाहीत, नातंच तोडलं गेलं. गेम मास्टरांनी उद्या कोर्टाची पायरी चढायची ठरवली तर हे त्यांच्या डोळ्यांसमोर असावं.

मग सूत्रधाराला काय द्यावं? हिशेब मांडू. चार तासांचं किमान वेतन 29 डॉलर. सहा खेळाडूंनी प्रत्येकी पाच डॉलर दिले तरी ते सुटतात. म्हणजे आजच्या दोन-चार डॉलरच्या तिकिटावर फार तर एक ते तीन डॉलर वाढ. इतक्यासाठी कुणी जेन कॉनला यायचं थांबणार नाही. घरी केलेली आठ-दहा तासांची तयारी धरली तर आकडा तिप्पट ते साडेतीनपट होतो, पण कोविडनंतर ऑनलाइन खेळ चालवून माणशी पंधरा-वीस डॉलर घेणारे व्यावसायिक गेम मास्टर तयार झाले आहेत आणि त्यांनाही गिऱ्हाईक मिळतं. तेव्हा पैशांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

आणि तरीही याला पहिला विरोध कंपन्यांकडून न येता गेम मास्टरांकडूनच येईल, असा माझा अंदाज आहे. आज एखादा आगाऊ खेळाडू टेबल नासवायला लागला तर सूत्रधार त्याला हसत हसत ‘गप बस’ म्हणू शकतो, डाव रंगला नाही तर तासभर आधी गुंडाळू शकतो, आणि आवडलेल्या सहा जणांबरोबर रात्री हॉटेलच्या लॉबीत तोच डाव पहाटे दोनपर्यंत ओढू शकतो. मानधन घेतलं की समोर बसलेला गिऱ्हाईक झाला, आणि गिऱ्हाईक परतावा मागतो, तक्रार लिहितो, तारे देतो. लायब्ररीच्या काउंटरवर उभ्या असलेल्या पोराला या अडचणी नाहीत. त्याचे पैसे आधी द्या. सूत्रधारांना त्यांचं त्यांना ठरवू द्या.